खाजेची ‘चांगली’ ट्यूब : आत स्टेरॉइड कोणतं, किती आणि किती दिवस?

औषधी_धुळे

एप्रिल उजाडला की पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. जांघेत, काखेत, पट्ट्याखाली घाम साचतो आणि मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, “भाऊ, मागच्या खेपेला दिली तीच चांगली ट्यूब द्या.” दोन दिवसांत खाज थांबते म्हणून ती चांगली. ती का थांबते आणि पुढे काय होतं, यासाठी हा धागा काढला आहे.

आधी एक विनंती. कंपनीचं नाव लिहू नका, घटकाचं लिहा. एकाच ब्रँडच्या चार-पाच ट्यूब निघतात, सगळ्यांचा रंग सारखा, फरक फक्त शेवटच्या अक्षरात. साधारणपणे ‘एन’ म्हणजे निओमायसिन (जंतुनाशक), ‘सी’ म्हणजे क्लिओक्विनॉल, ‘जी’ म्हणजे जेंटामायसिन, ‘एम’ म्हणजे मायकोनाझोल, ‘एस’ म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिड. नावावरून मागवलं तर भलतीच ट्यूब हातात पडते.

ट्यूब उलटी करा. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत घटक छापलेले असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की वाचता येतात. त्यात यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड, म्हणजे सूज-खाज दाबणारं औषध : क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, फ्लुओसिनोलोन, ट्रायअमसिनोलोन, डेसोनाइड, हायड्रोकॉर्टिसोन.

सगळ्यात जास्त गफलत होते ती दोन नावांत. क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं औषध आणि क्लोबेटासोल हे सगळ्यात जहाल गटातलं स्टेरॉइड. दोन्ही ‘क्लो’ने सुरू होतात, शेवटही ऐकायला सारखाच. फोनवर “क्लो-कायतरी लिहिलंय” असं सांगून ट्यूब मागवू नका.

भरीत_पुरी

एक शंका. एका ट्यूबवर ०.०५% आहे आणि दुसऱ्या ट्यूबवर १%. मग ०.०५ वाली सौम्यच झाली ना? लहान लेकरासाठी तीच बरी असं सरळ दिसतं.

औषधी_धुळे

बरोबर उलटं आहे, भाऊ. टक्क्यावरून फक्त प्रमाण कळतं, जोर कळत नाही. १% असतं ते हायड्रोकॉर्टिसोन, सगळ्यात सौम्य. ०.०५% क्लोबेटासोल त्याच्या कित्येकशे पट जहाल. वजनात चिमूटभर भरणारी लवंगी मिरची आणि पावशेर ढोबळी मिरची, तिखट कोणती ते खान्देशात सांगायला नको.

त्वचा_ओपीडी

जोराची उतरंड थोडक्यात अशी. सगळ्यात वर क्लोबेटासोल ०.०५% आणि हॅलोबेटासोल ०.०५%. त्याखाली जोरदार गट : बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१%, मोमेटासोन ०.१%, फ्लुटिकासोन ०.०५% (याला काही जण मध्यमच्या वरच्या टोकाला ठेवतात). मध्यमात क्लोबेटासोन ब्युटिरेट ०.०५%. नीट वाचा, ‘क्लोबेटासोन’ आणि ‘क्लोबेटासोल’ यांच्यात शेवटचं एकच अक्षर वेगळं आणि जोरात जमीन-अस्मान. सौम्य गटात हायड्रोकॉर्टिसोन १% आणि डेसोनाइड ०.०५%.

तेच औषध ऑइंटमेंटच्या तेलकट बेसमध्ये असलं तर क्रीमपेक्षा जास्त मुरतं, कारण वरचा थर झाकला जातो. लोशन किंवा जेल केसांच्या जागेसाठी. सॅलिसिलिक अ‍ॅसिड सोबत असलं तर ते जाड पापुद्रा सोलून स्टेरॉइडला आत वाट करून देतं. सोरायसिसच्या जाड चट्ट्यावर, तळपायावर ते उपयोगाचं, पण अंगभर किंवा लहान मुलाला नाही.

आता मुख्य गोष्ट : कुठे लावता. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मेबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपरापुढच्या हाताची आतली बाजू १ धरली तर तळपाय ०.१४, तळहात ०.८३, डोक्याची त्वचा ३.५, कपाळ ६, जबड्याची कड १३ आणि वृषणाची त्वचा ४२. जी ट्यूब टाचेवर महिनाभर लावूनही फारसा फरक पडत नाही, तीच जांघेत दोन आठवड्यांत कातडी पातळ करते. “ट्यूब तीच, मग इथे चालते तर तिथे का नाही?” याचं उत्तर या आकड्यांत आहे.

गिरणाथडी

जांघेबद्दल लिहिलंत ते बरं केलं. तिथे नक्की काय दिसतं तेही सांगा, कारण लोक ते दाखवायला लाजतात आणि दोन वर्षं तीच ट्यूब घासतात.

त्वचा_ओपीडी

सुरुवातीला कातडी चकचकीत, सुरकुतलेली, सिगारेटच्या पातळ कागदासारखी दिसते. चिमटीत धरली तर पातळ लागते. मग बारीक लाल-जांभळे पट्टे उमटतात, पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तसे, पण जास्त रुंद. जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला, काखेत. हे पट्टे पुढे पांढरट होतात, पण जात नाहीत. कातडीच्या आतले कोलॅजेनचे धागे तुटल्यामुळे ते पडतात आणि त्यावर कुठलंही तेल चोळून ते जुळत नाहीत. ट्यूब थांबवली की वरची पातळ कातडी काही महिन्यांत बरीच भरून येते, पट्टे मात्र कायमचे. वीस-बावीस वर्षांच्या पोरांमध्ये हा नमुना फार दिसतो.

बाकी परिणाम : बारीक रक्तवाहिन्यांचं लाल जाळं, जरा धक्का लागला की काळी-निळी खूण, जागा पांढरट पडणं, लव वाढणं, जखम लवकर न भरणं, पुरळ-मुरूम. आणि ट्यूबमधल्या निओमायसिनची किंवा बेसचीच अ‍ॅलर्जी. हिचा संशयच येत नाही, कारण स्टेरॉइड त्या अ‍ॅलर्जीलाही दाबून ठेवतं.

सातपुडा_पायथा

गावाकडे ‘मिक्स क्रीम’ म्हणतात, तिच्यावर लिहा कोणीतरी. गजकर्णाला, नायट्याला तीच चालते. शहादा-तळोद्याच्या बाजाराच्या दिवशी तर मेडिकलवर तिचाच खप. अहिराणीत एका वाक्यात सांगायचं तर : जिभाऊ, खाज गयी म्हंजे रोग गया नही, झाकाई गया.

औषधी_धुळे

मिक्स क्रीममध्ये एका वेळी चार-पाच गोष्टी असतात : एक जहाल स्टेरॉइड (बहुतेकदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन), एक बुरशीचं औषध, एक किंवा दोन जंतुनाशकं. क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन (यातलं बुरशीचं औषध) हे असंच एक कडबोळं. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, ती कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. या यादीत अशी काही मलमंही होती. एक मिश्रण बंद झालं की त्यातला एक घटक बदलून दुसरं बाजारात येतं, म्हणून “ही बंदीत नाही” हा काही ती चांगली असल्याचा दाखला होत नाही.

ऑर्निडाझोल अमिबा आणि तत्सम जंतूंवरचं औषध आहे. जांघेतल्या गजकर्णात त्याचं काय काम, हे कोणी सांगितलं तर मलाही हवं आहे.

तापीकाठ

गजकर्णावर स्टेरॉइडने नेमकं काय होतं, ते जरा फोडून लिहितो.

बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात राहते. खाज, लाली, पापुद्रा हे सगळं बुरशी करत नाही, तिच्याविरुद्ध शरीर करतं. स्टेरॉइडने शरीराचा हा विरोध थंडावतो. लाली जाते, खाज जाते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब बंद केली की चार-आठ दिवसांत दुप्पट जागेत पुन्हा भडका. माणूस म्हणतो, “बघा, ट्यूब सोडली की वाढतं, म्हणजे ट्यूब गुणकारी होती.” इथेच तो अडकतो.

चट्ट्याचा आकारही बदलतो. साध्या गजकर्णाला गोल कड असते, कडेवर पापुद्रा आणि बारीक फोड, मध्ये साफ. स्टेरॉइड लावलेल्यात कड पुसट होते, एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसतं, मध्येच पुटकुळ्या येतात. वैद्यकात याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हणतात, म्हणजे वेश पालटलेलं गजकर्ण. नवख्या डॉक्टरला ते एक्झिमा (इसब) वाटतं आणि तो आणखी स्टेरॉइड लिहून देतो.

तपासणी सोपी आहे. कडेचा पापुद्रा बोथट पात्याने खरवडून काचेवर घ्यायचा, १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, दहा-वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशीचे धागे दिसतात. फक्त, आदल्या दिवशीपर्यंत बुरशीचं मलम लावलं असेल तर धागे सापडत नाहीत. तपासणीला जायच्या आधी किती दिवस सगळं बंद ठेवायचं ते डॉक्टरला विचारून घ्या.

त्यात भर म्हणजे आपल्या देशात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाची बुरशी पसरली आहे. तिचे काही वाण टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. २०२० पासून ती वेगळी जात म्हणून ओळखली जाते. आधी दोन आठवड्यांत जाणारं गजकर्ण आता दोन-दोन महिने ठाण मांडतं, त्याचं हे एक कारण.

वरणबट्टी

मग गजकर्णावर नीट उपचार काय करायचे? मेडिकलवरच जायचं असेल तर मागायचं काय?

त्वचा_ओपीडी

एकच बुरशीचं औषध असलेली ट्यूब, बाकी काही नाही. क्लोट्रिमाझोल १% किंवा ल्युलिकोनाझोल १% वगैरे. लावताना चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेक जण इथेच चुकतात : खाज गेली की ट्यूब खिडकीत. चट्टे मोठे असतील, बऱ्याच जागी असतील, आधी स्टेरॉइड लावलेलं असेल, तर पोटात गोळी लागते आणि ती डॉक्टरनेच द्यायची. इट्राकोनाझोलचा कॅप्सूल जेवणानंतर घ्यायचा, त्याच वेळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली तर तो नीट शोषला जात नाही. हृदय-यकृताचा त्रास असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं.

दोन फुकटचे उपाय, पण औषधाइतकेच कामाचे. करदोडा काढा. कमरेचा काळा दोरा दिवसभर घामाने ओला राहतो, आंघोळीनंतर कोणी तो पुसत नाही आणि तिथून चट्टा परत पसरतो. श्रद्धेने ठेवायचाच असेल तर नवा घाला आणि तो रोज कोरडा करा. दुसरं, टॉवेल आणि आतले कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. आपल्याकडे ऊन तरी विकत घ्यावं लागत नाही. जीन्स, ओली चड्डी, घट्ट इलॅस्टिक टाळा. घरात दुसऱ्या कोणाला असेल तर एकाच वेळी उपचार.

नाना_अमळनेर

जरा थांबा. जुन्या पुस्तकांत बुरशीचं औषध आणि सौम्य स्टेरॉइड एकत्र द्यायला परवानगी आहे. तुम्ही सरसकट सगळ्यांना आरोपी करताय.

त्वचा_ओपीडी

मुद्दा रास्त आहे, नाना. फार सुजलेल्या, आग होणाऱ्या चट्ट्यावर हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टेरॉइड बुरशीच्या औषधाबरोबर थोडे दिवस देत असत. त्यात तीन अटी होत्या : सौम्य गट, मोजके दिवस, डॉक्टरची नजर. काउंटरवरच्या मिक्स क्रीममध्ये तिन्ही नसतात. देशातल्या आजच्या बुरशीचं वागणं बघता ते सौम्य मिश्रणही आता टाळलेलं बरं, असं माझं मत.

रानवारा_रावेर

शेतातल्या लोकांसाठी थोडी भर. इकडे केळीच्या आणि कपाशीच्या बांधावर गाजर गवत मातलेलं असतं. त्याच्या अ‍ॅलर्जीने पापण्या, मान, कोपराची घडी, कानामागे लाल, खरखरीत, रसाळ पुरळ उठतो. हवेतून उडणाऱ्या कणांमुळे होतं, म्हणून झाकलेल्या अंगावर कमी आणि उघड्या अंगावर जास्त. इथे स्टेरॉइड खरंच लागतं, फक्त डॉक्टरने जागेप्रमाणे द्यायचं. पण गवत उपटणं चालूच असेल तर ट्यूब संपत राहणार आणि चेहऱ्याची कातडी पातळ होत राहणार. फुलोऱ्याच्या आधी, ओल्या जमिनीत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उपटायचं. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने उपटायला जायचंच नाही. संध्याकाळी आंघोळ आणि त्या कपड्यांवर झोपायचं नाही.

दुसरं, पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा तांबडा-काळा बारीक किडा. मानेवर चिरडला की सकाळी भाजल्यासारखा लांबट चट्टा उठतो, कोपराच्या घडीत दोन्ही बाजूंना एकसारखा छाप पडतो. लोक त्याला नागीण समजतात. किडा चिरडायचा नाही, फुंकून उडवायचा. चिरडलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवायचं. यावर डॉक्टर सौम्य ते मध्यम स्टेरॉइड चार-सहा दिवस देतात, तेवढ्यात काम होतं.

तापीकाठ

आणि खऱ्या नागिणीवर स्टेरॉइड लावू नये, ती विषाणूची आहे. खरुजेचंही तसंच. खरुजेत रात्री खाज जास्त, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती. स्टेरॉइडने खाज मावळते, किडे पोसले जातात आणि अख्खं घर खाजवायला लागतं. त्यावर ५% परमेथ्रिन, मानेपासून खाली सगळ्या अंगाला, नखांखालीसुद्धा, रात्री लावून आठ ते चौदा तासांनी धुवायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री.

सातपुडा_पायथा

फिकट चट्ट्याबद्दल एक ओळ सुचवतो. पांढरट चट्टा दिसला की ‘सुरमा’ किंवा ‘नायटा’ म्हणून ट्यूब लावायच्या आधी डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा फिरवून बघा. स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. स्टेरॉइडने तो चट्टाही झाकला जातो आणि मधल्या काळात नस खराब होते.

माहेरवाशीण

आता चेहऱ्याचं बोला. लग्नसराईच्या आधी पार्लरमधून किंवा मैत्रिणीकडून ‘गोरं व्हायची’ ट्यूब येते. महिनाभर खरंच उजळतं. मग का वाईट?

त्वचा_ओपीडी

ताई, या ट्यूबमध्ये बहुतेकदा तीन घटक असतात : हायड्रोक्विनोन २% (रंग उतरवणारं), ट्रेटिनॉइन ०.०२५% (‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं) आणि मोमेटासोन ०.१% (स्टेरॉइड). या मिश्रणाची मूळ कल्पना क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाची, १९७५ सालची, वांगासाठी. त्यात स्टेरॉइड होतं ते बाकी दोघांची आग शमवायला. वांगावर, डॉक्टरच्या नजरेखाली, मोजक्या आठवड्यांसाठी ते आजही वापरतात. फ्लुओसिनोलोनवालं जे मिश्रण जगभर वापरतात त्याच्या माहितीपत्रातच आठ आठवड्यांची मर्यादा आहे. ते वांगाचं औषध आहे, गोरेपणाचं नाही. गरोदरपणात तर हात लावू नये, त्यात ट्रेटिनॉइन आहे.

उजळण्याचं कारण असं की स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, सूज दाबतं आणि रंगपेशींना सुस्त करतं. पहिला महिना कौतुकाचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून उन्हात चेहरा टोमॅटोसारखा लाल होतो, गालावर लाल जाळं दिसतं, हनुवटीवर एकसारख्या पुटकुळ्या उठतात, मिशीच्या जागी लव वाढते. ट्यूब थांबवली की काही दिवसांत ते दोन आठवड्यांत आग, लाली, सूज, खाज आणि मुरूम असा भडका उडतो. घाबरून पुन्हा ट्यूब लावली की शांत. हेच अवलंबित्व. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी यालाच ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नाव दिलं.

देशातल्या बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ जणांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतले १२६ जण ते गोरेपणासाठी, रोजची क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावत होते, १०४ जण मुरमांसाठी. दाढीनंतर! कातडी सोललेल्या जागी जहाल स्टेरॉइड, आणि तेही रोज.

माहेरवाशीण

मग सोडायची कशी? एकदम की हळूहळू?

त्वचा_ओपीडी

किती जहाल आणि किती महिने यावर ठरतं. काही जणांना एकदम थांबवतात, काहींना आधी जहालवरून सौम्यवर, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरवतात. मधल्या काळात टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. पुटकुळ्या फार असतील तर डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी (गरोदर बाई आणि लहान मुलं सोडून). घरी करायचं ते कमी करायचं : साबण, फेशियल, ब्लीच, स्क्रब, लिंबू, हळद-बेसन सगळं बंद. कोमट पाणी, साधं बिनसुवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन आणि ओढणी. आग झाली तर थंड ओला रुमाल दहा मिनिटं. पहिले पंधरा दिवस चेहरा आधीपेक्षा वाईट दिसणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी “डॉक्टर बदल” म्हणतं. पूर्ण निवायला महिने लागतात. लग्नाची तारीख पुढच्या महिन्यात असेल तर तोपर्यंत काही होणार नाही, हे मात्र खरं.

गिरणाथडी

एवढं वाचून सोरायसिसवाले उद्या ट्यूब फेकून देतील. तेही सांगा.

औषधी_धुळे

हो, ते राहिलंच. एक्झिमा, सोरायसिस, लायकेन प्लॅनस (खाजरे जांभळट चट्टे), चाई, काही प्रकारचा कोड, इथे स्टेरॉइड हेच पहिलं औषध आहे आणि ते घाबरत, इवलंसं लावलं तर काम करत नाही. मग रोग रेंगाळतो आणि ट्यूब वर्षभर चालते. पुरेसं लावून लवकर थांबवणं जास्त सुरक्षित.

पुरेसं म्हणजे किती, ते बोटाच्या पेरावर मोजायचं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा (ट्यूबचं तोंड पाच मिलिमीटरचं असतं तेव्हा). ती रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. जागा मोजायची तीही मोठ्या माणसाच्याच तळहाताने, रुग्ण लहान मूल असलं तरी. चेहरा आणि मान अडीच रेघा, पंजा एक, बाकीचा हात तीन, पाय सहा, पाऊल दोन, छाती-पोट सात, पाठ सात.

आता हिशेब करा. पंजाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ, म्हणजे दोन्ही पंज्यांचा एक्झिमा असेल तर दोन रेघा, एक ग्रॅम रोज. १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस पुरली पाहिजे. चार दिवसांत संपत असेल तर थर चढवला जातोय, दोन महिने पुरत असेल तर नुसतं दाखवलं जातंय.

क्लोबेटासोलची मर्यादा आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे. पण त्याच्या माहितीपत्रात असंही आहे की दिवसाला २ ग्रॅम इतक्या कमी मात्रेतही मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावू शकते. २ ग्रॅम म्हणजे चार रेघा, म्हणजे एक पूर्ण हात, खांद्यापासून बोटांपर्यंत. फार नाही.

नाना_अमळनेर

ग्रंथी मंदावली तर कळतं कसं?

त्वचा_ओपीडी

बऱ्याचदा कळतच नाही, हीच तर पंचाईत. कळतं ते ट्यूब अचानक बंद केल्यावर किंवा ताप, अपघात, ऑपरेशन अशा ताणाच्या वेळी : फार थकवा, मळमळ, उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. उलट, अंगात स्टेरॉइड जास्त झालं तर चेहरा गोल, पोट सुटलेलं, हातपाय बारीक, साखर आणि रक्तदाब वाढलेला. मधुमेह असलेल्याची साखर विनाकारण वर जात असेल तर मलमाबद्दलही विचारा, ते गोळ्यांच्या यादीत कोणी लिहीत नाही. मोठ्या जागेवर महिनोन् महिने जहाल ट्यूब चालू असेल तर स्वतःहून एकदम थांबवू नका.

डोळ्यांचं वेगळं. पापणीवर आणि डोळ्याभोवती आठवडे-महिने लावलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. दाब वाढताना दुखत नाही. चेहऱ्यावर दीर्घकाळ ट्यूब वापरलेल्या माणसाने नेत्रतज्ज्ञाकडे दाब मोजून घ्यावा.

भरीत_पुरी

आणि डायपरच्या पुरळावर? घरोघरी मोठ्यांचीच ट्यूब लेकराला लावतात.

त्वचा_ओपीडी

डायपर म्हणजे झाकण. स्टेरॉइड लावून वर डायपर बांधला की प्लॅस्टिकखाली औषध कित्येक पट जास्त मुरतं. त्यात जागा जांघेची आणि बाळाच्या कातडीचं क्षेत्र वजनाच्या मानाने मोठं, म्हणजे तीनही गोष्टी उलट्या. मोठ्यांच्या जहाल ट्यूबमुळे बाळाचा चेहरा गोल होऊन वाढ खुंटल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. पुरळ आली तर आधी डायपर काढून जागा उघडी ठेवा, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर द्या. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, कडेला बारीक लाल ठिपके असतील, तर ती बुरशी असू शकते, दाखवून घ्या. डॉक्टरने स्टेरॉइड दिलंच तर ते सौम्य आणि थोड्या दिवसांचं असतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला मोठ्याच्या बोटाच्या मापाने चेहरा-मानेला एकच रेघ लागते. मोठ्यांसारख्या अडीच नाही.

वरणबट्टी

मेडिकलवाल्याला चिठ्ठीशिवाय हे देता येतं का?

औषधी_धुळे

नाही. पूर्वी ‘बाहेरून लावायचं’ या सवलतीत बरीच स्टेरॉइड मलमं सुटत होती. मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइडची ही सवलत काढून ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, पक्की केली. अशा ट्यूबवर फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर विक्री, असा इशारा छापलेला असतो. तो आहे आणि तरी कोणी न विचारता देतोय, तर दुकानाला बोल लावायच्या आधी आपणही चिठ्ठी न घेता गेलोय हे लक्षात ठेवा. अर्थात माझ्या धंद्यातल्यांनी ‘नाही’ म्हणायला शिकलं तर निम्मा धागा वाचला असता.

मलमाने अपाय झाला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं. रुग्णही कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. ट्यूब जपून ठेवा, बॅच नंबर विचारतात. ट्यूबच्या मागच्या टोकाला, जिथे घडी घालतात तिथे तो ठोकलेला असतो. म्हणून ट्यूब मागून गुंडाळत आणू नका, तो नंबर आधी फोटोत घ्या.